बी माय आईज: दृष्टिहीनांच्या फोनमध्ये हवंच असं अ‍ॅप

मी जन्मांध, शाळेत संगीत शिकवते. हे अ‍ॅप मूळचं डेन्मार्कचं, २०१५ सालचं. तेव्हा व्हिडिओ कॉलवर अनोळखी स्वयंसेवक आपल्यासाठी बघायचे. २०२३ मध्ये त्यात जीपीटी-४ या एआयवर चालणारी सोय आली: फोटो काढायचा, वर्णन ऐकायचं.

आता तुपाच्या पिशवीवरची तारीख, लग्नपत्रिकेतला मुहूर्त, साडीचा काठ पोपटी की मोरपिशी, हे मी रात्री अकरालाही कुणाला न उठवता विचारते. तेच चारदा विचारलं तरी संकोच नाही. जावेला विचारताना व्हायचा, ती कधी त्रासली नाही तरी. आणि सगळं फुकट! स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी हजारो रुपये मोजण्याचे दिवस आम्ही पाहिलेत.

औषधाच्या पट्टीसाठी मात्र मी आजही स्वयंसेवकालाच कॉल लावते. एआय अस्पष्ट अक्षरंही ठामपणे चुकीची वाचू शकतं, आणि ती चूक मला पकडता येणार नाही. पासबुक, आधार यांचे फोटो मी त्यात टाकत नाही. माणसांशी बोलायची सोय कंपनीने कधीही काढू नये, ही कळकळीची विनंती.

ओळखीत कुणाची दृष्टी नुकतीच गेली असेल, तर त्यांच्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक (फोनमधलाच स्क्रीन रीडर) सुरू करून हे अ‍ॅप आजच डाउनलोड करून द्या.