हब मोटर किट घ्यायचंय? पुढची की मागची, गिअरवाली की बिनगिअरची

सायकलला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, बसवायची ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती वॅटची घेऊ? विकणारेही तिथूनच सुरू करतात, २५०, ३५०, ५००. पण मोटरवर छापलेला आकडा म्हणजे ती फार न तापता सतत किती लोड ओढेल त्याचा एक अंदाज, आणि तोसुद्धा बनवणारे बऱ्यापैकी आपल्या मर्जीने छापतात. मोटरमध्ये खरोखर किती पॉवर जाते ते बॅटरीचे व्होल्ट आणि कंट्रोलरचे, म्हणजे बॅटरीतून मोटरला करंट सोडणाऱ्या पेटीचे, अँपिअर ठरवतात. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल तर पूर्ण जोरात ५४० वॅट आत जाणार, मग मोटरवर २५० लिहिलेलं असो नाहीतर ३५०. त्यामुळे आधी स्वतःची सायकल नीट बघा, मग रोजच्या रस्त्यावरचे चढ, मग बॅटरी, आणि वॅट सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पुढचं चाक की मागचं

बसवायला पुढची मोटर एकदम सोपी. जुनं चाक काढलं, मोटरवालं घातलं, वायर वर नेली, झालं. मागचे गिअर, चेन, फ्रीव्हील कशालाच हात लावायचा नाही, आणि बॅटरी मागे कॅरियरवर असेल तर वजनही दोन्हीकडे वाटलं जातं. सपाट रस्ता, लोखंडी फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि छोटी मोटर असेल तर पुढची घ्यायला माझी काहीच हरकत नाही.

गोची आहे ती फोर्कची. हब मोटरमध्ये अॅक्सल स्थिर असतो आणि बाहेरचा डबा फिरतो, म्हणजे मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे फिरवते तितक्याच जोराने अॅक्सल उलटा फिरायला बघतो. त्याला अडवायला काय असतं, तर फोर्कच्या खाचा आणि अॅक्सलच्या दोन बाजू सपाट घासून ठेवलेल्या असतात त्या, बस. अॅक्सल बहुतेक वेळा १२ मिलिमीटरचा आणि सपाट भागात १० मिलिमीटर. लहान गिअरवाली मोटरसुद्धा ३०-४० न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, देते. लोखंडी खाच जास्त जोर आला तर आधी वाकते, थोडीफार पसरते, तेवढ्यात आपल्या लक्षात येतं. अॅल्युमिनियम तसं फारसं सांगत बसत नाही, तडकतं. आणि खाच एकदा उघडली की अॅक्सल गरकन फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक बाहेर येऊ शकतं, तेही पुढचं. म्हणून सस्पेन्शनवाला अॅल्युमिनियम फोर्क असेल तर मी पुढची मोटर घेणार नाही, कितीही स्वस्त मिळू दे, आणि कार्बन फोर्कचा तर विषयच नको. लोखंडी फोर्कलाही टॉर्क आर्म लावाच. ही एक छोटी पोलादी पट्टी असते, एक टोक अॅक्सलला धरतं आणि दुसरं फोर्कच्या दांड्याला. किटमध्ये नसेल तर वेगळी घ्या, टाळू नका.

पुढच्या चाकाचा दुसरा त्रास पकडीचा. चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे जिथे जोर लावायचा असतो तिथेच पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर, ओल्या रस्त्यावर, वाळूत जागच्या जागी फिरतं. मागची मोटर इथे सरळ सरळ जिंकते, वजन तिच्यावरच असतं आणि मागची फ्रेमही फोर्कपेक्षा दणकट असते.

मागच्या मोटरची कटकट वेगळी, आणि ती विकत घेतानाच सोडवावी लागते. खाचांमधलं अंतर मोजा. पुढे साधारण १०० मिलिमीटर असतं, गिअरच्या सायकलला मागे बहुतेक १३५, काही रोड बाइकना १३०, बिनगिअरच्या जुन्या सायकलींना त्याहून कमी. लोखंडी फ्रेम थोडी फाकवता येते, अॅल्युमिनियमची फाकवायच्या भानगडीत पडू नका. मग बघा की मागचे गिअर आट्यांवर बसणारं फ्रीव्हील आहे की हबवर सरकवून बसवायची कॅसेट, कारण दोन्हीच्या मोटरी वेगळ्या येतात आणि स्वस्त किट बहुतेक फ्रीव्हीलवालीच असतात. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरला मोटरचा डबा घासत नाही ना तेही विचारून घ्या.

पंक्चरला लोक उगाच घाबरतात. मागचं मोटरवालं चाक काढायचं म्हणजे कनेक्टर, टॉर्क आर्म, मोठा पाना असा सगळा कुटाणा आहे हे खरं, पण चाक काढायची गरजच नसते बऱ्याचदा, सायकल आडवी करा, टायर एका बाजूने सोडवा, ट्यूब तेवढ्या भागात बाहेर ओढा आणि तिथेच पॅच मारा.

गिअरवाली की डायरेक्ट

गिअरवाल्या हबमध्ये आतली मोटर जोरात फिरते आणि प्लॅनेटरी गिअर तो वेग साधारण पाचपट कमी करून चाकाला देतात. त्यामुळे मोटर लहान राहते, वजन ढोबळमानाने अडीच ते चार किलो, आणि जागेवरून उचल चांगली मिळते. आत एकेरी क्लच असतो, मोटर बंद केली की चाक मोकळं फिरतं, म्हणजे बॅटरी संपली तरी सायकल सायकलसारखीच चालते. मला विचाराल तर रोज पेडल मारणाऱ्या माणसासाठी हा एकच मुद्दा निकाल लावायला पुरेसा आहे. बदल्यात थोडी घरघर ऐकावी लागते आणि आतले नायलॉनचे गिअर कधी ना कधी झिजतात. ते बदलता येतात, फक्त त्या मोटरचे सुटे गिअर मिळतात का हे घेण्याआधीच बघा.

डायरेक्ट म्हणजे गिअर नाहीत, क्लच नाही, चुंबकं थेट बाहेरच्या डब्याला आणि झिजण्यासारखं काही असेल तर फक्त बेअरिंग. कल्पना जुनीच आहे, ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने १८९५ मध्येच मागच्या चाकात अशी बिनगिअरची मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं होतं. ही मोटर जवळपास आवाज करत नाही, सपाटीवर वेगात मस्त पळते आणि वर्षानुवर्षं टिकते. पण वजन पाच-सहा किलो किंवा जास्त, आणि बंद असताना चुंबकांमुळे चाक किंचित जड जातं, बॅटरी संपल्यावर ते चांगलंच जाणवतं.

डायरेक्टवाल्यांचा आवडता मुद्दा म्हणजे ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते. होते, पण सायकलवर परत मिळणारी वीज थोडीच, बहुतेक रस्त्यांवर खर्चाच्या ५ ते १० टक्के धरा. सायकल हलकी असते आणि बरीचशी ताकद वाऱ्याशी झगडण्यात गेलेली असते, ती कुठून परत येणार. खरा फायदा लांब उतारावर, ब्रेक पॅड वाचतात आणि रिम तापत नाही. तेही बॅटरी काठोकाठ भरलेली नसेल तरच, कारण भरलेल्या बॅटरीत अजून वीज घालता येत नाही. आणि अशा ब्रेकिंगमध्ये पीळ दोन्ही दिशांनी येतो, नट ढिले होतात, म्हणून टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना लागतात.

चढाचं गणित समजून घ्या कारण इथेच लोकांच्या मोटरी जळतात. माणूस, सायकल, सामान मिळून १०० किलो, चढ ८ टक्के म्हणजे १०० मीटरला ८ मीटर वर, वेग ताशी १० किलोमीटर, तर नुसतं वर चढायला साधारण २२० वॅट चाकावर लागतात. आता वेग ५ वर आला तर लागणारे वॅट निम्मे होतात, पण चाकाला लागणारा पीळ तितकाच राहतो, म्हणजे मोटर करंट तितकाच खाते आणि आतली तार तितकीच तापते. काम निम्मं, उष्णता तेवढीच. हब मोटरला खालचा गिअर टाकता येत नाही, त्यामुळे हळू चढणं हाच तिचा सगळ्यात वाईट प्रसंग, आणि डायरेक्ट मोटर कमी वेगात जास्तच वाया घालवते. चढावर पेडल मारून वेग टिकवला की मोटर वाचते. चाक लहान असेल, २० इंची वगैरे, तर तीच मोटर चढाला बरी पडते.

रोज लांब आणि खडा चढ असेल तर हबचा हट्टच सोडा आणि मिड ड्राइव्ह बघा. ती पेडलजवळ बसते आणि सायकलचेच गिअर वापरते. चेन आणि दातेरी चक्रं मात्र लवकर खाते. हबचं तसं नाही, चेन तुटली तरी मोटरवर घरी पोचता.

बॅटरी, इथे पैसे घाला

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, तुलना फक्त याच आकड्याने करा. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला १० ते १२ वॅट-अवर धरा, म्हणजे ३० किलोमीटरच्या वर जाल. नुसतं थ्रॉटल पिळून बसलात तर २० सुद्धा लागतात आणि तीच बॅटरी १८ किलोमीटरवर संपते. जाहिरातीतलं अंतर हलका माणूस, सपाट रस्ता आणि भरपूर पेडल धरून सांगितलेलं असतं, आणि बॅटरी जुनी होत जाते तसं ते कमी होतं, म्हणून गरजेच्या दीडपट घ्या.

३६ की ४८? सपाटीला ३६ पुरतं. जड माणूस, सामान, चढ असेल तर ४८, कारण तेवढ्याच पॉवरला करंट कमी लागतो. लेड अॅसिड स्वस्त पडते पण तेवढ्याच क्षमतेला दहा किलोच्या वर जाते, लिथियम दोन-तीन किलोत भागतं. लेड अॅसिड सायकलवर नकोच.

बॅटरीतल्या बीएमएसची, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या सर्किटची, सतत करंट देण्याची मर्यादा कंट्रोलरपेक्षा जास्त हवी, नाहीतर चढावर मधेच सगळं बंद पडतं. चार्जर त्याच बॅटरीचा वापरा, साध्या लिथियम-आयनच्या ३६ व्होल्टवाल्याचा ४२ व्होल्टचा असतो, ४८ वाल्याचा बहुतेक ५४.६, आणि लिथियम फॉस्फेटचा याहून वेगळा. कुठलीतरी पिन बसते म्हणून लावू नका. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी घरात चार्ज करायची नाही, आणि चांगली असली तरी बाहेर पडायच्या दाराच्या वाटेत नको.

बॅटरी फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात बसत असेल तर तिथेच बसवा. मागे मोटर आणि मागेच कॅरियरवर बॅटरी झाली की सायकलची शेपटी डुलते, आणि जिन्यावरून उचलताना कळतंच.

किट की तयार ई-बाइक

सायकल चांगली आहे, लोखंडी फ्रेम आहे, ब्रेक दणकट आहेत आणि तुम्हाला पाना धरायला आवडतं, तर किट. एखादा भाग गेला की तेवढाच बदलता येतो, आणि मोटर काढून दुसऱ्या सायकलला लावता येते. सायकलच खिळखिळी असेल तर किट लावून ती सुधारत नाही, उलट सहा-आठ किलो वजन आणि जास्त वेग तिच्या जुन्या ब्रेकवर येतो. तयार ई-बाइकमध्ये फ्रेम त्याच हिशोबाने बनवलेली असते आणि महागड्या मॉडेलमध्ये टॉर्क सेन्सर मिळतो, जो पायाच्या जोराप्रमाणे मदत देतो. किटमधला साधा सेन्सर फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, त्यामुळे मदत जरा उशिरा आणि धक्क्याने येते. सवय होते त्याची.

बहुतेक लोकांना, म्हणजे रोजचे १०-२० किलोमीटर, थोडेफार चढ, पेडल मारायची तयारी, मी मागची गिअरवाली ३६ व्होल्टची सांगेन. लांब सपाट रस्ता, शांतता हवी, वजनाची फिकीर नाही, तर मागची डायरेक्ट ४८ वर. पुढची फक्त तेव्हा, जेव्हा मागे काही बसतच नाही आणि फोर्क लोखंडी आहे. बऱ्याच देशांत २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती सायकल मानतात, तेव्हा आपल्याकडचा नियम बघून वेगाची मर्यादा सेट करा.

ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर किटमध्ये असतील तर ते लावाच, हायड्रॉलिक ब्रेक असेल तर त्याला चिकटवायचा वेगळा सेन्सर मिळतो. वायर अॅक्सलपाशी खाली झोळ देऊन वळवा म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून मोटरमध्ये न जाता खाली गळतं. आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर अॅक्सलचे नट परत आवळा, मोटरच्या चाकाचे स्पोक हाताने दाबून बघा, नव्या चाकात ते हमखास ढिले होतात.