नुसते सील बदलायचे की इंजिन पूर्ण खोलायचं?
जून-जुलैची मासेमारी बंदी, वर्सोव्याला बोटी किनाऱ्याला, म्हणजे जुन्या डिझेल इंजिनाचं काम काढायला हाच टाइम. ऑइल गळतंय म्हणून नुसते सील-गॅस्केट (ऑइल अडवणाऱ्या रबरी कडा आणि जोडातल्या पट्ट्या) बदलणं स्वस्तात होतं, पण आधी इंजिन चालू ठेवून ऑइल फिलरचं झाकण काढून बघा, भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात समजा, मग क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतलं, प्रेशर नव्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलणारच. तिथे इंजिन पूर्ण खोलणं आलं, लायनर (सिलिंडरची आतली नळी), रिंगा, बेअरिंग, सगळंच, आणि 31 जुलैच्या आत पार्ट मिळायला हवेत.
कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगलं असेल तर मी सीलवरच भागवेन. फक्त शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडलाय का ते नखाने चाचपा, नख अडकलं तर त्यावर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) बसवा. आणि सिलिकॉन थापू नका हो, सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो.