पेशींचं मतदान की पेशींची लय?

समोरचा कप उचलायचाय. हात अजून जागचा हललेला नाही, पण मेंदूच्या हालचाली घडवणाऱ्या भागातल्या पेशींची लगबग केव्हाच सुरू झालेली असते. या लगबगीचा अर्थ लावायच्या दोन रीती आहेत.

पहिली मतदानाची. 1980 च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ अपोस्टोलोस जॉर्जोपोलोस यांना माकडांमध्ये दिसलं, की बऱ्याच पेशींची एकेक आवडती दिशा असते, म्हणजे हात त्या दिशेला जाताना त्यांचा जोर सर्वाधिक असतो, पण शेजारच्या दिशांनाही त्या थोडाफार कौल देतात. एकटीदुकटी पेशी म्हणजे मोघम साक्षीदार. शेकडो कौल जोरानुसार बेरजेत धरले, की हाताची दिशा बऱ्यापैकी नेमकी निघते. यांत्रिक हात मेंदूच्या संकेतांवर चालवण्याच्या प्रयोगांतही ही बेरीज कामी आली. समजवायला तर फारच सोपी!

दुसरी रीत म्हणते, दिशा बाजूला ठेवा, प्रवाह बघा. मेंदूशास्त्रज्ञ मार्क चर्चलंड, कृष्णा शेणॉय आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं, की हात सरळ जात असला तरी पेशीसमूहाची एकत्रित स्थिती (सगळ्यांचा जोर मिळून आलेखावर मांडलेला बिंदू) गोल फिरते. तयारीचा काळ म्हणजे झोका मागे ओढून धरणं; सोडला की पुढची चाल बरीचशी ठरलेली.

माझं झुकतं माप दुसरीला, आणि ते एका कोड्यामुळे. तयारीत पेशी इतक्या खटपटीत, मग स्नायू गप्प का? कारण काहींचा जोर चढतो तेव्हा काहींचा उतरतो, आणि स्नायूंच्या वाटेवर हिशेब जुळून परिणाम जवळपास शून्य होतो. नुसत्या मतमोजणीत हे सापडत नाही.