घरातील हवा-मापक: पावसाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

मुलुंडमधील आमच्या घरी हवेची गुणवत्ता मोजणारे एक छोटे उपकरण गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून अखंड चालू आहे. पीएम २.५ आणि पीएम १० (म्हणजे अनुक्रमे २.५ आणि १० मायक्रॉनपर्यंतचे हवेतील कण; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि आर्द्रता एवढ्या नोंदी ते दाखवते. ते उपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र त्याचे आकडे वाचायला शिकावे लागते.

पडद्यावर ठळक दिसणारा आकडा हा प्रत्यक्ष मोजमाप नसून त्यावरून काढलेला हवा गुणवत्ता निर्देशांक असतो, आणि माझ्या उपकरणात तो अमेरिकी पद्धतीने काढलेला होता. घनमीटरमागे ३५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर अमेरिकी निर्देशांक शंभराच्या आसपास जातो. भारतीय पद्धतीने तोच साठच्या आत राहतो. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप सूक्ष्म कणांसाठी २४ तासांची सरासरी धरते, तर घरचे यंत्र त्या क्षणाची नोंद दाखवते. त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन थेट मायक्रोग्रॅम लावून घेणे उत्तम. तुलनेसाठी २४ तासांच्या सरासरीची दोन मानके लक्षात ठेवली की पुरते: भारताचे ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेचे, २०२१ पासूनचे, १५.

आर्द्रतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. आत एक बारीक पंखा हवा ओढतो, लेसरचा किरण कणांवर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचे वजन अनुमानाने काढले जाते. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात. डिसेंबरमधील एका धुक्याच्या पहाटे खिडकीत ठेवलेले यंत्र पीएम २.५ चे १४० मायक्रोग्रॅम दाखवत होते, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर होती. ऊन चढले तसा आकडा निम्म्यावर आला. त्यातला किती भाग खऱ्या प्रदूषणाचा आणि किती पाण्याचा, हे अशा यंत्रावरून सांगता येत नाही. सरकारी स्वयंचलित केंद्रांत हवा आत घेताना तापवून कोरडी केली जाते, म्हणून तेथील नोंद अधिक विश्वासार्ह असते. आर्द्रता ऐंशीच्या पुढे असेल, तर मी आकड्यावर भिस्त ठेवत नाही.

पीएम १० ची नोंद तर जवळजवळ दुर्लक्षित करावी. समोरच्या बांधकामाची धूळ टेबलावर बोटाने रेघ ओढता येईल इतकी साचलेली असतानाही यंत्र शांत होते, कारण मोठे कण ते नीट पकडत नाही आणि लहान कणांवरून अंदाज बांधते.

इतक्या मर्यादा असूनही तासागणिक उमटणारा आलेख मला मोलाचा वाटतो. मिरचीची फोडणी पडली की आकडा झेपावतो आणि एक्झॉस्ट पंखा लावला की उतरतो, हे तर लगेच कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिवाळ्यात रात्री मतलई वारे मंदावले की कण साचत जातात आणि दुपारी खारे वारे सुटले की रेघ खाली येते, ही शहराची दिनचर्या डोळ्यांसमोर येते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा असाधारण बिघडली होती. हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणाऱ्या ‘सफर’ या सरकारी प्रकल्पाचे संस्थापक डॉ. गुफरान बेग आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनाच्या (प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याच्या) काळात बदललेल्या वाऱ्यांशी जोडला. धूर आपला असतो, पण तो किती काळ डोक्यावर राहील हे हवामान ठरवते. म्हणूनच हवामानबदलाचा विचार केल्याशिवाय प्रदूषणाचे नियोजन अपुरे राहील, असे मला मनापासून वाटते.

काजळीबाबत मात्र यंत्र जवळजवळ आंधळे आहे. डिझेलच्या धुरातील काजळीचे ताजे कण बहुतांशी ०.३ मायक्रॉनहून लहान असतात, इतके बारीक कण अशा यंत्राला नीट दिसत नाहीत, आणि काजळी प्रकाश विखुरण्यापेक्षा शोषते अधिक. हाच गुण हवा तापवतो. उलट सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला काहीसे थंड ठेवतात. सर्व कणांनी मिळून सुमारे ०.४ अंश तापमानवाढ झाकली असल्याचा अंदाज आयपीसीसीने (हवामानबदलावरील संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय मंडळाने) २०२१ मध्ये दिला; कण घटले की ही झाकलेली वाढ उघडी पडते. फुप्फुसांना दोन्ही घातकच, पण हवामानावर त्यांचा परिणाम परस्परविरुद्ध. त्यामुळे कण कमी करताना कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनही घटवणे का अनिवार्य आहे, हे एकट्या पीएमच्या आकड्यातून कधीच दिसणार नाही. ओझोनचेही तसेच: कडक उन्हात वाहनांच्या व कारखान्यांच्या वायूंपासून तो तयार होतो, आणि मे महिन्याच्या दुपारी माझा पडदा हिरवागार असला तरी त्याबद्दल काहीच सांगत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर बंद खोलीतील कोंदटपणा चांगला दाखवतो. मात्र तो ठरावीक काळातील सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची ताजी हवा, अर्थात ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग), असे समजून स्वतःला जुळवून घेतो. हवाईतील मौना लोआ येथे वार्षिक सरासरीने ४०० चा टप्पा २०१५ मध्येच ओलांडला आणि आता ती ४२० च्या वर आहे, म्हणजे हे गृहीतकच जुने झाले आहे. हा ४०० चा आधार-आकडा हाताने बदलता येतो का, हे घेण्यापूर्वी अवश्य विचारावे.

एका अद्ययावतीकरणानंतर तासागणिक नोंदी उतरवून घेण्याची सोय ॲपमधून नाहीशी झाली आणि ग्राहकसेवेकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पुन्हा घ्यायचे झाल्यास थेट मायक्रोग्रॅम व आर्द्रता शेजारी शेजारी दाखवणारे आणि नोंदी स्वतःकडे साठवू देणारे उपकरणच घेईन, त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी.