रिफंडातले वीस टक्के मागणाऱ्या माणसापासून सावध

‘फॉर्म १६ पाठवा, बाकी सगळं मी बघतो. जेवढा टीडीएस कापलाय तेवढा परत आणून देतो, त्यातले वीस टक्के माझे.’ एमआयडीसीतल्या कॅन्टीनमध्ये, शाळेच्या शिक्षक-खोलीत, बँकेच्या शाखेत आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर हे बोलणं दर जून-जुलैत फिरतं. फॉर्म १६ म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारं कंपनीचं प्रमाणपत्र. टीडीएस म्हणजे तो आधीच कापलेला कर. एकाला खरोखर पैसे येतात. तो शिफ्टमधल्या दहा जणांना सांगतो आणि पुढच्या वर्षी ते दहाही त्याच माणसाकडे जातात. दोन-तीन वर्षांनी हीच मंडळी मोबाइलवरचा आयकर विभागाचा मेसेज घेऊन गावातल्या एखाद्या छोट्या कर-सल्लागाराच्या टेबलासमोर येऊन बसतात. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे, आणि त्या टेबलामागे बसणाऱ्यांसाठीही.

फसवणूक नेमकी कशी होते ते आकड्यांतून पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पण प्रकार हाच. आर्थिक वर्ष २०२३-२४. पगार ९,५२,५०० रुपये. व्यवसाय कर २,५०० आणि प्रमाणित वजावट ५०,००० गेल्यावर उरतात ९,००,०००. भविष्य निर्वाह निधीचे १,००,००० कलम ८०सी खाली वजा झाले की करपात्र उत्पन्न ८,००,०००. जुन्या करप्रणालीत यावरचा कर उपकरासह ७५,४०० होतो आणि कंपनीने तेवढाच टीडीएस कापला आहे. म्हणजे या प्रणालीत हिशेब चुकता, रिफंड शून्य.

आता तो माणूस काय करतो? ८०जीजीसी खाली राजकीय पक्षाला देणगी १,००,०००. ८०ई खाली शैक्षणिक कर्जाचं व्याज १,००,०००, घरात कुणी कॉलेजलाही नसताना. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला घरभाडे भत्त्याची सूट ७५,०००. ८०डी खाली आरोग्य विम्याचा हप्ता २५,०००. बेरीज ३,००,०००. उत्पन्न बरोबर ५,००,००० वर आणून ठेवलं की कलम ८७ए ची सवलत लागते, कर शून्य होतो आणि पूर्ण ७५,४०० चा रिफंड निघतो. वीस टक्के म्हणजे १५,०८० तो यूपीआयवर घेतो. या चारही रकमा कुठून आल्या हे करदात्याला तो सांगत नाही, आणि करदाता विचारत नाही.

यात सर्वांत चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. याच पगारावर नव्या करप्रणालीत त्या वर्षीचा कर ४७,१९० होत होता. मुदतीत रिटर्न भरताना फक्त प्रणाली बदलली असती तर २८,२१० रुपयांचा रिफंड एकही खोटा आकडा न लिहिता मिळाला असता. दोन्ही प्रणालींतला हिशेब शेजारी शेजारी मांडायला दहा मिनिटं लागतात. कष्टाच्या पैशावर कायदेशीर मिळणारी सूट त्या माणसाने पाहिलीच नाही, कारण त्याची कमाई रिफंडाच्या आकड्यावर ठरलेली होती. टक्केवारी हीच पहिली खूण आहे. चार्टर्ड अकाउंटंट कायदा, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीत, ठरावीक अपवाद वगळता, निकालावर किंवा टक्केवारीवर फी घेणं हे व्यावसायिक गैरवर्तन मानलं आहे. रिटर्नची फी कामाची असते. रिफंड किती आला यावर ती कमी-जास्त करणाऱ्याचं हित आकडा फुगवण्यात असतं.

‘पण रिफंड तर आला ना? चुकीचं असतं तर सरकारने दिला असता का?’ हा प्रश्न टेबलावर रोज येतो आणि त्याचं उत्तर शांतपणे, पूर्ण द्यायला हवं. बंगळुरूच्या केंद्रात रिटर्नवर कलम १४३(१) खाली संगणकीय प्रक्रिया होते. बेरजा, टीडीएसचा मेळ, उघड विसंगती एवढंच तिथे तपासलं जातं. देणगीची पावती किंवा भाडेकरार तिथे कुणी मागत नाही. म्हणून रिफंड येणं म्हणजे दावा मान्य होणं नव्हे. फेरआकारणीची, म्हणजे जुनं रिटर्न पुन्हा उघडून कर ठरवण्याची, नोटीस साधारणपणे कर निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष, इथे २०२४-२५) संपल्यापासून तीन वर्षं तीन महिन्यांपर्यंत येऊ शकते. वरच्या उदाहरणात ती मुदत ३० जून २०२८ पर्यंत चालते.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर अशा खोट्या वजावटी मिळवून देणाऱ्यांवर एकाच वेळी मोठी तपासणी मोहीम सुरू केली. महाराष्ट्रही त्यात होता. त्या वेळच्या निवेदनात म्हटलं होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. त्याच निवेदनातली आणखी एक नोंद प्रत्येक छोट्या कार्यालयाने लक्षात ठेवावी: असे लोक ढिगाने रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर ते सोडून देतात, त्यामुळे नोटिसा न वाचलेल्या राहतात. करदात्याला पहिली, दुसरी, तिसरी नोटीस येऊन गेल्याचं माहीतच नसतं. कळतं तेव्हा थेट थकबाकीची मागणी समोर असते.

राजकीय देणगीचा एक अधिक पक्का प्रकारही आहे. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या एखाद्या पक्षाच्या खात्यात खरोखर चेकने पैसे भरायला लावतात, पावती देतात आणि कमिशन कापून बाकी रक्कम रोख परत करतात. कागद पूर्ण असल्यामुळे माणूस निश्चिंत होतो. मात्र पक्षाचं खातं तपासलं गेलं की देणगीदारांची यादी आपोआप हाती येते. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक न लढवणारे, मान्यता नसलेले ३३४ पक्ष यादीतून काढले. नोकरदार अशिलाने पक्षाची पावती पुढे केली, तर पक्ष कोणता, ओळख कशी आणि पैसे परत आले का, हे तीन प्रश्न थेट विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस घुटमळला तर ती वजावट घेऊ नये.

आता ओटीपीबद्दल. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं आणि बहुतेक वेळा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी वापरला जातो. तो करदात्याच्याच फोनवर येतो. ‘एक नंबर आला असेल, तो सांगा’ असं म्हणून घेतलेला तो ओटीपी म्हणजे करदात्याची सही आहे: या रिटर्नमधली माहिती खरी आणि पूर्ण आहे, अशी. म्हणूनच पुढे ‘मला काही ठाऊक नव्हतं’ हे म्हणणं फारसं उभं राहत नाही. ओटीपी देण्यापूर्वी हिशेबाचा कागद हातात घ्यावा, प्रत्येक वजावटीपुढे बोट ठेवून ‘याचा पुरावा कुठे आहे’ हे विचारावं आणि मगच आकडा सांगावा.

कार्यालयात नवीन अशील आला, विशेषतः ‘आधीच्याने जास्त काढून दिला होता’ असं म्हणत आला, तर चालू वर्षाचं काम उघडण्याआधी जुनं पाहा. पोर्टलवर ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’ मधून मागच्या तीन-चार वर्षांचे फॉर्म आणि १४३(१) च्या सूचना उतरवा. फॉर्म १६ च्या भाग ब मधल्या वजावटी आणि रिटर्नमधल्या वजावटी शेजारी ठेवा. जी वजावट फॉर्म १६ मध्ये नाही आणि रिटर्नमध्ये आहे तिच्याखाली लाल रेघ. मग ‘ई-प्रोसीडिंग्ज’ आणि थकबाकीच्या मागणीचं पान उघडा. तिथे न वाचलेल्या नोटिसा सापडतात. प्रोफाइलमध्ये मुख्य मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे हे पाहा. अनोळखी असेल तर त्याच बैठकीत बदला आणि पासवर्डही बदला. पासवर्ड हाती नसेल तर आधार ओटीपी किंवा नेट बँकिंगने तो नव्याने करता येतो. आधारचाच मोबाइल जुना झाला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलावा लागतो आणि त्यात दिवस जातात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. मुख्य संपर्क नेहमी अशिलाचाच असावा. कार्यालयाचा नंबर दुय्यम जागी पुरतो. शंभर अशिलांच्या मुख्य संपर्कात आपलाच एक ईमेल टाकणारं प्रामाणिक कार्यालयही नकळत त्याच वाटेला लागलेलं असतं.

‘पावत्या जोडायच्या नसतातच, मग टाका ना पन्नास हजार’ हा आग्रहही नेहमीचा. रिटर्नला पावती जोडायची नसते हे खरं, पण आकड्यामागचा तपशील आता फॉर्मच मागतो. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून ८०जीजीसी साठी देणगीची तारीख, व्यवहार क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड भरावा लागतो. २०२५-२६ पासून शैक्षणिक कर्जाला बँकेचं नाव आणि कर्ज खातं, आरोग्य विम्याला कंपनी आणि पॉलिसी क्रमांक, घरभाड्याला प्रत्यक्ष दिलेलं भाडं. म्हणजे खोटा दावा करायचा तर आता खोटा क्रमांकही स्वतःच्या नावाने लिहावा लागतो. हे ऐकल्यावर बरेच जण स्वतःच मागे सरतात. उरलेल्यांना नाही म्हणावं. त्यांची फी गेली तर जाऊ द्यावी.

छोट्या कार्यालयांची स्वतःची फसवणूक वेगळ्या दाराने होते. कुणीतरी ओळखीचा म्हणून येतो, दीडशे रिटर्नची एक्सेल फाइल देतो. ‘आकडे तयार आहेत, तुम्ही फक्त अपलोड करा, रिटर्नमागे दोनशे.’ सीझनमध्ये तीस हजार रुपये सोपे वाटतात. पण रिटर्नच्या पोचपावतीवर ते कुठल्या आयपी ॲड्रेसवरून भरलं गेलं हे छापलेलं असतं. एकाच जागेवरून सारख्याच वजावटींची दीडशे रिटर्न गेली की चौकशी त्या जागेवर येते. खोटं विवरण भरायला मदत करणं हा आयकर कायदा, १९६१ च्या कलम २७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ज्या करदात्याशी आपण बोललो नाही आणि ज्याचा फॉर्म १६ आपण पाहिला नाही, त्याचं रिटर्न आपल्या संगणकावरून जाऊ देऊ नये.

आणि ज्यांच्या बाबतीत हे घडून गेलं आहे त्यांनी थांबून काही मिळत नाही. विभागाची कार्यवाही सुरू होण्याआधी कलम १३९(८ए) खाली अद्ययावत रिटर्न भरता येतं. वरच्या उदाहरणात परत द्यायचे ७५,४००. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत, त्यावर २५ टक्के जादा कर धरून ९४,२५० होतात. त्यानंतरच्या वर्षात ५० टक्के, म्हणजे १,१३,१००. पुढे ६० आणि ७० टक्के. व्याज वेगळं, आणि जादा कर त्या व्याजावरही लागतो. हेच प्रकरण विभागाने बाहेर काढलं आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचं ठरलं, तर कलम २७०ए खाली दंड कराच्या २०० टक्के, म्हणजे १,५०,८००, आणि मूळ कर व व्याज त्याशिवाय. अद्ययावत रिटर्नमध्ये हप्ते मिळत नाहीत. आधी पूर्ण चलन भरावं लागतं, मग रिटर्न. एकाहून अधिक वर्षांची दुरुस्ती असेल आणि पैसे कमी पडत असतील, तर ज्या वर्षाचा जादा कर येत्या ३१ मार्चनंतर सर्वांत जास्त वाढणार आहे ते वर्ष आधी घ्यावं.

त्या माणसाशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद पुसू नये. दोन्हींच्या प्रती काढून पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. ऑनलाइन गाठलं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवावं. तक्रारीने कर माफ होत नाही, पण पुढे चौकशी आली तर ती मांडता येते, आणि त्याच ग्रुपमधल्या बाकीच्यांना त्याचं नाव वेळेत कळतं.