वणीतील एका मेडिकलचा अनुभव : ‘राखीव’ इंजेक्शन मिळवताना

मे महिन्यात पऱ्हाट्या वेचताना माझ्या वडिलांच्या पायात खुंट घुसला. त्यांना मधुमेह आहे. गावाजवळच्या एका दुकानातून आम्ही चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या (जंतूंना मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्या दोनदा आणल्या, दोन्ही वेळा ताप उतरताच बंद केल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात वडिलांना वणीच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात भरती करावे लागले. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, क्लेबसिएला हा जंतू निघाला आणि अहवालात मेरोपेनेम या जोरकस अँटिबायोटिकसमोरही ‘रेझिस्टंट’, म्हणजे औषधाला दाद न देणारा, असे लिहून आले.

डॉक्टरांनी पॉलिमिक्सिन बी हे इंजेक्शन लिहून दिले. १९४७ मध्ये सापडलेले हे औषध मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून मागे पडले होते; नवी औषधे निकामी ठरू लागल्यावर डॉक्टरांना पुन्हा त्याच्याकडे वळावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अँटिबायोटिकांच्या यादीत ते ‘राखीव’ गटात, म्हणजे इतर औषधे चालेनाशी झाल्यावरच वापरायच्या औषधांत आहे.

रुग्णालयाजवळच्या मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठीबरोबर कल्चरचा अहवालही मागितला, डॉक्टरांना फोन करून वडिलांचे वजन विचारले आणि पाच लाख युनिटच्या किती कुप्या लागतील याचा हिशेब आमच्यासमोर मांडला. पहिल्या मात्रेलाच तीन लागणार होत्या. माल नागपूरहून ट्रॅव्हल्सने यायचा होता. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि बाहेर ऊन ४५ अंशांचे होते. संध्याकाळी थर्माकोलचा डबा आला तेव्हा त्यातले आइस पॅक पूर्ण वितळलेले होते आणि थर्मामीटर १९ अंश दाखवत होता. काकांनी तो माल घेतला नाही. वडील तापाने फणफणत असताना मी काकांशी अक्षरशः भांडलो. तरीही ते बधले नाहीत, त्यांनी लगेच दुसरा डबा मागवला आणि रात्री दोन वाजता शटर उघडून तो आमच्यासमोर फोडला. आइस पॅकमधला बर्फ अजून खडखडत होता, काटा पाचवर होता. तो नकार योग्यच होता, हे आज मी मनापासून मान्य करतो.

त्या दुकानात बसलो असताना एका बाईंना त्यांनी चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम देण्यास नकार दिला. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिमसारखी औषधे एच-वन अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टर, रुग्ण आणि औषधाचे प्रमाण यांची दुकानदाराने वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. काकांची वही भरलेली होती. आमच्या गावाजवळच्या दुकानात मला अशी वही कधी दिसली नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. पॉलिमिक्सिन बी दुकानात शिल्लक नसते, मागवावे लागते, आणि पक्के बिल हाती यायला दोन दिवस गेले. वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) मध्येच वाढले, पण नंतर उतरले आणि अकराव्या दिवशी वडील घरी आले. रविवारी दुपारी दोननंतर दुकान बंद असते. अडचणीच्या वेळी शटरवर लिहिलेल्या क्रमांकावर फोन करावा, काका उचलतात.