माशासोबत साके की सॉव्हिन्यॉन ब्लाँ?

साके या जपानी दारूला सगळे राइस वाइन म्हणतात खरं, पण बनते ती जवळपास बिअरसारखी, तांदळात द्राक्षासारखी तयार साखर नसते ना, मग कोजी नावाची बुरशी स्टार्चची साखर करते आणि त्याच टाकीत यीस्ट लगेच तिचं अल्कोहोल करत बसतं. म्हणून साके १५-१६ टक्के, सॉव्हिन्यॉन ब्लाँ ही व्हाइट वाइन साधारण १२-१३.

ब्लाँ आंबट, हिरवट, वास चक्क ताज्या कापलेल्या ढोबळी मिरचीचा. रवा लावून तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो, तेच काम ती करते, तिथे साकेचा विचारपण करू नका.

पण बांगडा, तारली असले तेलकट मासे आले की गेम पलटतो. वाइनमध्ये लोह जास्त असेल तर घोटानंतर तोंडात मासळीबाजार उभा राहतो. साकेत लोह नावालाच, कारण बनवणारे पाणीसुद्धा कमी लोहाचं बघून घेतात, वर उमामी, म्हणजे तोंडात रेंगाळणारी रश्शासारखी चव, भरपूर. मीठ लावून भाजलेला बांगडा आणि ४०-४५ डिग्रीला कोमट केलेली जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली साके), बास! गिंजो, म्हणजे जास्त घासलेल्या तांदळाची साके, मात्र गरम करू नका, तिचा फळांचा वास उडून जातो, ती थंडच बरी.